मणका पोखरलाय, पण चोर गळ्यात बसलाय

दोन-तीन महिने पाठ दुखत असते. आधी बाम, मग शेक, मग हाडांच्या डॉक्टरांकडे दोन फेऱ्या आणि शेवटी एमआरआय. अहवालाच्या तळाशी एक ओळ असते: ‘डी-८ मणक्यात लायटिक लीजन. मेटास्टॅसिस? कॉक्स?’ डी-८ म्हणजे छातीमागचा आठवा मणका. लायटिक लीजन म्हणजे हाड विरघळून झालेली पोकळी. मेटास्टॅसिस म्हणजे दुसऱ्या अवयवातला कॅन्सर इथवर पसरलेला, आणि कॉक्स म्हणजे टीबी. त्या रात्री घरात कुणी धड जेवत नाही.

या दोन प्रश्नचिन्हांच्या शेजारी तिसरं एक असायला हवं, ते बहुतेक अहवालांत नसतं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बेसुमार काम करू लागल्या की हाडं आतून पोखरली जातात आणि त्या पोकळीत मऊ, तपकिरी गाठ तयार होते. तिला ब्राउन ट्यूमर म्हणतात. ही गाठ कॅन्सर नाही आणि टीबीही नाही. मणक्यात ती क्वचितच होते, हे खरं. पण तिचा संशय फेडायला रक्ताची एक-दोन नळ्यांची तपासणी पुरते, आणि ती राहून गेली तर माणूस भलत्याच उपचारांत महिनेच्या महिने घालवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा प्रकार.

मसुराएवढ्या चार ग्रंथी

थायरॉइड ग्रंथी आता घरोघरी माहीत आहे. गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची. तिच्या पाठीला चिकटून, वर दोन आणि खाली दोन, अशा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. नावात थायरॉइड आलं ते निव्वळ शेजारामुळे. दोघींच्या कामाचा एकमेकींशी संबंध नाही. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून या चौघी ठीक आहेत असं धरून चालू नये. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, आकार मसुराच्या दाण्याएवढा.

इतक्या लहान असल्यामुळे त्या सापडायलाही उशीर झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला, त्याचं विच्छेदन करताना १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या. जनावरच अवाढव्य, तेव्हा त्याची ग्रंथीही नजरेत भरली. माणसातल्या ग्रंथींचं रीतसर वर्णन १८८० साली झालं आणि ते केलं स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने.

गल्ला, ठेव आणि मुनीम

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात उरतं ते चिमूटभर, पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, नसांमधून जाणारे संदेश, सगळं त्या चिमटीवर चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावं लागतं.

दुकानाचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. रक्त म्हणजे गल्ला. हाडं म्हणजे बँकेतली मुदत ठेव. पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणजे गल्ल्यावर नजर ठेवणारा मुनीम. रोकड कमी पडली की मुनीम चिठ्ठी धाडतो. या चिठ्ठीचं नाव पॅराथायरॉइड हॉर्मोन, सगळेजण पीटीएच म्हणतात. चिठ्ठी हाडांकडे जाते: थोडी ठेव मोडा. मूत्रपिंडाकडे जाते: कॅल्शियम लघवीत जाऊ देऊ नका, त्याऐवजी फॉस्फरस सोडा, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाला लावा. ‘ड’ कामाला लागलं की आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम उचलतं. गल्ला भरला की चिठ्ठ्या बंद. चिठ्ठीचं आयुष्यही छोटं असतं. रक्तातलं पीटीएच तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. हा आकडा पुढे ऑपरेशनच्या टेबलावर कामाला येणार आहे.

बिघाड दोन तऱ्हांनी होतो. पहिल्या तऱ्हेत मुनीमच बिघडतो. गल्ला ओसंडून वाहतोय, तरी हा ठेवी मोडत सुटतो. याला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. शंभरातल्या ८५ जणांत एकाच ग्रंथीत साधी गाठ वाढलेली असते, बाकीच्यांत एकाहून जास्त ग्रंथी फुगलेल्या असतात. ग्रंथीचा कॅन्सर शंभरात एकालाही नसतो. दुसऱ्या तऱ्हेत मुनीम शहाणा असतो, पण गल्लाच खरोखर रिकामा पडत असतो: मूत्रपिंडं निकामी झालेली, किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची वर्षानुवर्षांची टंचाई. तेव्हा ग्रंथी बिचाऱ्या ओरडून ओरडून थोराड होतात. हा दुय्यम प्रकार. डायलिसिसवरच्या रुग्णांत फार वर्षं असं चाललं की काही ग्रंथी शेवटी कुणाचंच ऐकेनाशा होतात.

तपकिरी रंग कुठून येतो?

हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. रस्त्याच्या कामासारख्या दोन टोळ्या तिथे कायम राबत असतात. एक जुनं हाड उखडते. या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. दुसरी मागोमाग नवं भरत जाते. पीटीएच सतत चढं राहिलं की उखडणारी टोळी पुढे पळत सुटते आणि भरणारीला गाठता येत नाही. कमकुवत जागी बारीक-बारीक तडे जातात, रक्त झिरपतं. त्या खड्ड्यात तंतूंचं मऊ जाळं, नाजूक रक्तवाहिन्या आणि अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी आकाराच्या पेशी जमतात. झिरपलेल्या रक्तातलं लोह तिथेच साचून राहतं. धुवायच्या राहून गेलेल्या कपड्यावरचा रक्ताचा डाग दोन दिवसांनी कसा तपकिरी दिसतो, तसाच हा रंग.

म्हणजे नावात ट्यूमर असला तरी हा अतिरेकी दुरुस्तीकामाचा ढिगारा आहे. तो दुसऱ्या अवयवात पसरत नाही. मात्र पीटीएच रक्तातून सगळ्याच हाडांपर्यंत पोहोचत असल्यामुळे एकाच वेळी बरगडी, कटी, मांडी आणि मणका अशा चार ठिकाणी ढिगारे तयार होऊ शकतात. स्कॅनवर ते पसरलेल्या कॅन्सरसारखंच दिसतं. साखर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर तर या गाठी झगझगीत उजळतात, कारण त्यातल्या पेशी साखर भरपूर खातात. पेटवर उजळलं म्हणजे कॅन्सर, हे समीकरण इथे साफ फसतं.

मणक्यातच का होते?

खरं तर मणक्यात कमीच होते. जबडा, बरगड्या, कटीची हाडं, हातापायांची लांब हाडं या तिच्या नेहमीच्या जागा. पीटीएच आधी हाडाचं बाहेरचं कडक कवच झिजवतं, आणि मणक्याचा गाभा मुख्यतः जाळीदार असतो. म्हणूनच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन फक्त कंबर आणि खुब्याचा केला तर तो बरा येऊ शकतो. या आजारात मनगटाच्या वरचा, हाताच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याचा स्कॅन मुद्दाम मागून घ्यावा लागतो. पण दुखणं वर्षानुवर्षं लक्षात आलं नाही, किंवा डायलिसिस खूप वर्षं चालू आहे, तर मणकाही सुटत नाही.

आणि मणक्यातली गाठ लहान असली तरी शेजारामुळे महाग पडते. मांडीच्या हाडात एक सेंटिमीटरचा फुगवटा आला तर कदाचित कळणारही नाही. छातीमागच्या मणक्यांत मज्जारज्जूची नळी मुळातच अरुंद. तिथे तेवढाच फुगवटा पाय लुळे करायला पुरतो. सुरुवात फसवी असते. पाय जड वाटतात, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. लघवी अडकणं, संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, यांपैकी काहीही झालं तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नये. त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

मणके खचण्याचं टोक कुठवर जाऊ शकतं, याचं नोंदलेलं उदाहरण अमेरिकन व्यापारी जहाजावरचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांचं आहे. आजार चढत गेला तशी काही वर्षांत त्यांची उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली. सहा फुटी माणूस, कपडे सैल होत गेले आणि मान छातीत रुतत गेली.

रक्ताचा अहवाल कसा वाचायचा?

कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पीटीएच, सगळं एकाच वेळी काढलेल्या रक्तात तपासावं. कॅल्शियम सोमवारचं आणि पीटीएच पुढच्या महिन्यातलं, अशी जोडी कुचकामी. मुनीमाने चिठ्ठी पाठवली तेव्हा गल्ल्यात नेमकं किती होतं, हेच तर पाहायचं असतं.

प्राथमिक प्रकारात कॅल्शियम चढं, फॉस्फरस उतरलेलं, पीटीएच चढं. हाडं पोखरली जात असतील तर अल्कलाइन फॉस्फटेजही चढतं. हाडांत किती उलथापालथ चालू आहे याचा तो अंदाज. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस चढतं, कॅल्शियम कमी किंवा बेताचं असतं आणि पीटीएच शेकड्यांत, कधी हजाराच्याही वर.

खरी मेख पीटीएचच्या ‘नॉर्मल’ शब्दात आहे. बऱ्याच प्रयोगशाळांची मर्यादा दर मिलिलिटरला १५ ते ६५ पिकोग्रॅम असते. समजा कॅल्शियम आहे १२ आणि पीटीएच ५५. छापील मर्यादेत आहे म्हणून त्याच्यापुढे तारा छापून येत नाही, आणि ते ठीक समजलं जातं. पण गल्ला ओसंडताना मुनीमाने मुकाट बसायला हवं होतं. कॅल्शियम १२ असताना पीटीएच तळाला गेलेलं असलं पाहिजे. तिथे ५५ हा आकडाच रोगाचं लक्षण आहे.

उलट बाजू तितकीच कामाची. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्येही कॅल्शियम चढतं, कधीकधी टीबीतही चढतं. पण तिथे मुनीम गप्प असतो, पीटीएच दबलेलं असतं. म्हणजे कॅल्शियम दोन्हीकडे चढतं. फरक कळतो तो पीटीएचवरून.

‘कॅल्शियम तर नॉर्मल आलंय, मग हा आजार कसा?’

तीन कारणांनी असू शकतो. पहिलं, अल्ब्युमिन. रक्तातलं सुमारे निम्मं कॅल्शियम या प्रथिनाला चिकटून फिरतं. आजारपणाने अल्ब्युमिन खाली आलं की एकूण कॅल्शियमही खोटं कमी दिसतं. दुरुस्ती घरी वहीवर करता येते: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा, ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.० आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर १.५ गुणिले ०.८ म्हणजे १.२, दुरुस्त आकडा ११.२. कागदावर नॉर्मल, प्रत्यक्षात चढं. सोय असेल तिथे आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं, मोकळं कॅल्शियम तपासलं की हा हिशेबही करावा लागत नाही.

दुसरं, ‘ड’ जीवनसत्त्वाची टंचाई. आपल्याकडे ती इतकी सार्वत्रिक आहे की प्राथमिक आजाराचं कॅल्शियम तिच्या पांघरुणाखाली लपून राहतं. मग अंगदुखीवर आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी सुरू होते आणि दोन महिन्यांत कॅल्शियम ११ च्या पुढे जातं. दोष पुडीचा नाही, तिने फक्त पांघरूण ओढलं. तरीही हाडांत पोकळी दिसत असताना कॅल्शियम न तपासता पुड्यांचा रतीब लावणं चूकच.

तिसरं, दुय्यम प्रकार. तिथे कॅल्शियम चढत नाहीच. पीटीएच मागवलं नाही तर काहीच कळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असतं. जास्त मात्रेत ते पीटीएचच्या काही चाचण्यांना फसवतं आणि आकडा खोटा कमी दाखवतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवा आणि डॉक्टरांना तसं सांगा. रक्तदाबावरची क्लोरथॅलिडोनसारखी औषधं आणि मानसिक आजारावरचं लिथियम यांनी कॅल्शियम चढू शकतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जावीत. मात्र लिथियम स्वतःच्या मनाने बंद करू नये.

‘एमआरआयवरूनच टीबी की कॅन्सर ते कळत नाही का?’

अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. टीबी सहसा दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला लागून सुरू होतो, चकती खातो, शेजारचे दोन्ही मणके धरतो आणि आजूबाजूला पू साठवतो. ब्राउन ट्यूमर सहसा चकती शाबूत ठेवून मणक्याचा गाभा किंवा मागची कमान फुगवतो. पण चकती कॅन्सरही सोडून देतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. जुन्या रक्तातल्या लोहामुळे एमआरआयच्या काही चित्रांत गाठ काळपट दिसते, हा एक धागा.

यापेक्षा स्वस्तातला पुरावा हातांच्या साध्या एक्सरेत मिळू शकतो. तर्जनी आणि मधलं बोट, त्यांचं मधलं पेर, अंगठ्याकडची कड. या आजारात ती कड कुरतडल्यासारखी, खरबरीत दिसते. कवटीच्या एक्सरेवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके येतात. दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ पुसट होते. मणक्याच्या महागड्या स्कॅनपुढे हाताच्या एक्सरेची आठवण कुणाला राहत नाही, हे दुर्दैव.

‘तुकडा काढून तपासला की संपलं, नाही का?’

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. सूक्ष्मदर्शकाखाली ब्राउन ट्यूमर आणि जायंट सेल ट्यूमर नावाची हाडाची खरी गाठ जवळजवळ सारखीच दिसतात. दोन्हींत त्याच राक्षसी पेशी. पॅथॉलॉजिस्टला कॅल्शियम-पीटीएचचे आकडे दिलेच नाहीत तर तो बापडा ‘जायंट सेल लीजन’ लिहून मोकळा होतो. जायंट सेल ट्यूमरला मणक्यातून खरवडून किंवा मणक्यासकट काढतात. ब्राउन ट्यूमरला बहुतेक वेळा हातही लावावा लागत नाही. एवढा फरक केवळ दोन आकड्यांमुळे पडतो. तेव्हा बायोप्सीच्या अर्जावर हे आकडे लिहिलेले आहेत की नाही, ते नातेवाइकांनी निःसंकोच विचारावं.

आधी गळ्याचं ऑपरेशन की मणक्याचं?

पायांत ताकद आहे, लघवी व्यवस्थित आहे, मणका डळमळीत नाही: मग आधी गळा. पीटीएच खाली आलं की गाठीची रसद तुटते आणि पुढच्या महिन्यांत हाड आपणहून भरू लागतं. तोवर पट्टा वापरायचा, वजन उचलायचं नाही, वाकून बादली तर अजिबात नाही.

मज्जारज्जू दबून पाय कमजोर होत असतील तर मात्र महिन्यांची वाट पाहता येत नाही. आधी दाब काढावा लागतो आणि गरजेप्रमाणे स्क्रू-सळयांनी मणका बांधावा लागतो; गळ्याचं ऑपरेशन त्यानंतर लवकरच, काही ठिकाणी एकाच भुलीत. यात दोन अडचणी असतात. हाड भुसभुशीत असल्यामुळे स्क्रूची पकड कच्ची राहते, म्हणून वरचे-खालचे जास्त मणके बांधून घ्यावे लागतात. आणि कॅल्शियम १४ च्या आसपास असेल तर भूल देणंच धोक्याचं, हृदयाची लय बिघडते. मग शिरेतून भरपूर सलाइन, कॅल्सिटोनिन, झोलेड्रोनिक आम्ल यांनी ते आधी खाली आणतात. बेशुद्ध रुग्णाला टेबलावर पालथं करतानाही बरगडी मोडू शकते, इतकी ही हाडं ठिसूळ असतात.

गळ्यात नेमकं काय करतात?

निदान रक्तावर झालं की मग गाठ कुठे आहे याचा नकाशा काढतात: गळ्याची सोनोग्राफी, सेस्टामिबी नावाचा स्कॅन, गरज पडल्यास खास पद्धतीचा सीटी किंवा कोलीन पेट. क्रम उलटा होता कामा नये. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. शिवाय सेस्टामिबीवर हाडातला ब्राउन ट्यूमरही उजळतो.

नकाशा का हवा, ते मार्टेल यांच्या बाबतीत कळलं. गळा पुन्हा पुन्हा उघडूनही गाठ सापडेना. १९३२ साली सातव्या ऑपरेशनमध्ये ती छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत सापडली. गर्भात या ग्रंथी तयार होतात एका जागी आणि मग सरकत मुक्कामाला पोहोचतात. एखादी पुढचं स्टेशन गाठते. मार्टेल त्यानंतर थोड्याच काळात मुतखड्याच्या गुंतागुंतीने गेले.

त्याआधी १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी ट्रामच्या एका कंडक्टरवर अशी पहिली शस्त्रक्रिया केली होती. त्यातला मजेशीर भाग असा की हाडं झिजतात म्हणून ग्रंथी बिचारी मदतीला फुगते, असा तेव्हा समज होता. त्यामुळे मांडल यांनी आधी त्या रुग्णाला वरून आणखी पॅराथायरॉइड ग्रंथी बसवून पाहिली. उपयोग शून्य. मग फुगलेली गाठ काढली आणि माणूस सुधारला. पुढे आजार उलटला, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते त्या ऑपरेशनने दाखवून दिलं.

आता तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून काम होतं. गाठ काढली की दहा मिनिटांनी रक्त घेऊन पीटीएच मोजतात. ते तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं, हे आपण वर पाहिलं. दहा मिनिटांत निम्म्याहून खाली आलं तर गुन्हेगार सापडला, टाके घाला. नाही आलं तर दुसरीही गाठ आहे, शोध चालू. धोका मुख्यतः आवाजाच्या नसेचा. ती ग्रंथींच्या अगदी शेजारून जाते, म्हणून हे ऑपरेशन वरचेवर करणाऱ्या सर्जनकडेच करावं.

ऑपरेशननंतरचा खरा धोका: भुकेली हाडं

गाठ काढल्यावर कॅल्शियम खाली यायला हवंच. पण हाडं खूप पोखरली असतील तर ती वखवखल्यासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान आकडा तळ गाठतो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडून चोचीसारखी होतात, पिंढऱ्यांत गोळे येतात. फार घसरलं तर झटके येतात. अल्कलाइन फॉस्फटेज जितकं चढं होतं, ‘ड’ जितकं कमी होतं, तितका हा धोका जास्त. मणक्यात गाठ असलेला रुग्ण म्हणूनच दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई करण्यातला नव्हे.

शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. दहा टक्क्यांच्या १० मिलिलिटरच्या एका कुपीत प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ९० मिलिग्रॅमच असतं, त्यामुळे एका कुपीने भागत नाही, सलाइनमधून तासन्‌तास द्यावं लागतं. जोडीला कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कामाला लागलेलं ‘ड’ जीवनसत्त्व, आणि तोंडाने कॅल्शियमच्या गोळ्या, कधीकधी दिवसाला कित्येक ग्रॅम. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत कॅल्शियम ५००, बाकी कार्बोनेट. ती जेवणासोबत घ्यावी, पोटातल्या आम्लाशिवाय नीट विरघळत नाही. आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ही भूक आठवडे, कधी महिने टिकते. मुंग्या थांबल्या म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या की रुग्ण रात्री अपघात विभागात परत.

‘रक्तात कॅल्शियम जास्त आहे, मग दूध-दही बंद करू का?’

नको. ही अतिरिक्त रोकड दुधातून आलेली नाही, ठेव मोडून आलेली आहे. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर मुनीम आणखी चिठ्ठ्या पाठवील आणि हाडं आणखी झिजतील. आहार नेहमीचा ठेवावा, पाणी भरपूर प्यावं. बंद करायच्या त्या जाहिरात बघून सुरू केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या.

मुतखड्याचंही तसंच. वारंवार खडे होतात म्हणून टोमॅटो-पालक वर्ज्य करणारे पुष्कळ. कॅल्शियम-पीटीएच तपासून घेणारे थोडे. पुन्हा पुन्हा मुतखडे, जुनी बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, उदासी, अंगदुखी हे एकाच माणसात जमलं असेल तर ते वेगवेगळे पाच आजार नसण्याची शक्यता धरावी. पाश्चात्त्य देशांत नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम असतंच, त्यामुळे तिकडे आजार लक्षणांआधी पकडला जातो. भारतातला अनुभव, मुंबईच्या केईएम रुग्णालयातला, चंडीगड आणि लखनौच्या पीजीआय या मोठ्या रुग्णालयांतला, वेगळा आहे: इथे रुग्ण येतो तोच दुखरी, मोडलेली हाडं घेऊन.

डायलिसिसवर असलेल्यांचं काय?

तिथे लढाई आधी फॉस्फरसशी. बाटलीबंद कोला, प्रोसेस्ड चीज, डबाबंद मांस यांतलं फॉस्फेट शरीर पटकन शोषतं. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासासोबतच घ्यायची. जेवून तासाभराने घेतली तर बांधायला पोटात काही उरलेलं नसतं. सोबत कॅल्सिट्रिऑल आणि ग्रंथीला गप्प करणारं सिनाकॅल्सेट. एवढं करून पीटीएच ऐकत नसेल आणि मणक्यात गाठ असेल तर ऑपरेशन: साडेतीन ग्रंथी काढायच्या, किंवा चारही काढून एकीचे बारीक तुकडे हाताच्या स्नायूत पेरायचे. हातातच का? पुन्हा मस्ती आली तर जागा बधिर करून काढता येतात, गळा परत उघडावा लागत नाही.

मणका पूर्ण भरून येतो का?

दुखणं आठवड्यांत कमी होतं, पोकळी भरायला महिने लागतात. खचलेल्या मणक्याची उंची मात्र परत येत नाही. गाठीत रक्ताची मोठी पोकळी असेल तर तीही कधी तशीच राहते. साधारण सहा महिन्यांनी सीटी, आणि कॅल्शियम-पीटीएच दरवर्षी. चाळिशीच्या आत हा आजार झाला, किंवा घरात आणखी कुणाला आहे, तर जनुकीय तपासणीचा विषय काढावा. अशा काही कुटुंबांत पिट्यूटरी आणि स्वादुपिंडातही गाठी होतात.

भरून आलेली जागा सीटीवर आजूबाजूच्या हाडापेक्षा पांढरी, घट्ट दिसते. काही कॅन्सर हाडात पसरताना असेच पांढरे डाग सोडतात. दोन-तीन वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी स्कॅन झाला, रेडिओलॉजिस्ट नवा असला, तर प्रश्नचिन्हासह ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द पुन्हा छापून येऊ शकतो. म्हणून ऑपरेशनआधीचा पीटीएच रिपोर्ट आणि गळ्यातल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल फायलीत सगळ्यात वर ठेवावा, आणि स्कॅनच्या टेबलावर चढण्याआधी तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यावा.